अण्णांनी बांधलेली बॅटरीची पेटी

अण्णांच्या, म्हणजे मुरलीधर कोलते यांच्या, प्रत्येक विजारीला मांडीपाशी बारीक भोकं असत, तांदळाच्या दाण्याएवढी. मयुरा लहान असताना तिला वाटे, सगळ्यांच्याच वडिलांच्या विजारी अशा असतात. ॲसिडचा थेंब उडतो तेव्हा काही दिसत नाही. कापड धुवायला पडलं की तेवढीच जागा निघून येते. अहिल्याबाई आतून ठिगळ लावत आणि नवऱ्याला विचारत, "अहो, बॅटऱ्यांना पाणी पाजता की त्यांच्यात पोहता?"

अण्णा कऱ्हाडजवळचे. वायरमनचं प्रमाणपत्र घेऊन तेविसाव्या वर्षी दिल्लीत आले आणि कोपर्निकस मार्गावरच्या राज्याच्या अतिथिगृहात इलेक्ट्रिशियन म्हणून लागले. पस्तीस वर्षं त्यांनी तिथेच काढली. इमारतीच्या मागच्या बाजूला एका खोलीत काचेच्या मोठमोठ्या हंड्यांमधून बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या असत. टेलिफोन आणि जिन्यातले दिवे त्यांच्यावर चालत. वीज गेली तरी जिन्यात अंधार होत नसे, पण त्यामागे कोण आहे हे विचारायचं कारण कुणाला पडत नसे. अण्णांनाही त्याचं काही वाटत नसे. "आपलं नाव कुणी विचारलं, म्हणजे काहीतरी बिघडलं," असं ते म्हणत.

निवृत्तीनंतर ते गावी जातील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण एकुलती एक मुलगी इथेच, केंद्र सरकारच्या कचेरीत नोकरीला. जावई अंशुमन पुण्याचा, गुरुग्रामला एका सॉफ्टवेअर कंपनीत. आणि नात मैत्रेयी, वय वर्षं नऊ, तिला दमा. म्हातारा-म्हातारी इंदिरापुरमला मुलीच्या घरी राहिली ती राहिलीच.

दिवाळी सरली की दिल्लीची हवा बिघडते आणि जानेवारी संपेपर्यंत सुधारत नाही. त्या दिवसांत मयुराचे कान मैत्रेयीच्या खोलीकडे लागलेले असत. शिट्टीसारखा आवाज यायच्या आधी पोरीचा श्वास जरा आखूड होतो, ते तिला भिंतीपलीकडून कळे. मग नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारं मशीन, वीस मिनिटं घरघरत राही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "जमेल तितके दिवस पहाडात घेऊन जा." दोन वर्षं हॉटेलं करून पाहिली. एका खोलीत ओल्या गालिच्याचा वास, दुसरीत शेकोटीचा धूर. दोन्ही वेळा दमा तिथेच उठला आणि चौथ्या दिवशी घरी परतावं लागलं.

तेव्हा अंशुमनने ऑफिसातल्या एकाकडून गाडीमागे ओढायचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर विकत घेतला. आत मागच्या बाजूला रुंद पलंग, पुढे एक बाक, वर एक फळी, एक ओटा, छतावर सोलरचं पॅनेल. स्वतःची खोली, स्वतःची गादी, स्वतःची हवा. मयुराला पहिल्यांदाच वाटलं, यावर्षी जमेल.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा होते. अण्णांची पकड, पाने, टेस्टर दरवर्षी पाटावर मांडले जात. यंदा ट्रेलरचीही पूजा करायची ठरली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो सकाळपासून वायर लावून चार्जिंगला ठेवला होता. अहिल्याबाईंनी दाराला झेंडूचं तोरण बांधलं. मयुराने चाकांना हळदकुंकू लावलं आणि ताट घेऊन आत गेली. ज्याच्यावर सगळं चालायचं त्या बॅटऱ्यांना टिळा नको? त्या मागच्या पलंगाखाली प्लायवूडच्या खोक्यात होत्या. घरच्या इन्व्हर्टरला असतात तशाच, पाणी घालायच्या दोन. तिने एका हाताने पलंगाची फळी उचलली. दुसऱ्या हातात ताट होतं आणि ताटात पेटलेलं निरांजन.

अण्णा दारात होते. ते दोन ढांगांत आत आले, तिचं मनगट धरून ताट मागे ओढलं आणि तोंडाने फुंकर मारून निरांजन विझवलं.

"अहो!" बाहेरून अहिल्याबाई ओरडल्या. "पूजेचा दिवा फुंकरीने विझवलात? सणाच्या दिवशी?"

"मयुरा, खाली उतर. अंशुमन, प्लग काढा. खिडक्या उघडा सगळ्या."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मग पार्किंगमधल्या कठड्यावर बसून त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती पंचेचाळीस वर्षांत त्यांनी घरात काढली नव्हती. कऱ्हाडच्या एका गॅरेजात ते शिकाऊ असताना त्यांचे उस्ताद होते दिनकर मिस्त्री. ट्रकची बॅटरी रात्रभर चार्जिंगला होती. सकाळी पाणी किती आहे ते बघायला मिस्त्रींनी झाकण उघडून काडी पेटवली. चार्ज होताना असल्या बॅटरीतून गॅस निघतो. त्याला ना वास, ना रंग. मोकळ्यावर तो उडून जातो. बंद जागेत साठतो आणि ठिणगीची वाट बघतो.

"मिस्त्रींचा एक डोळा गेला," अण्णा म्हणाले. "मला म्हणाले, मुरल्या, बॅटरी उंबऱ्याबाहेर. माणूस झोपतो तिथे बॅटरी नाही. अतिथिगृहात मी दरवर्षी पूजा केली, पण दिवा खोलीबाहेर ठेवून. लोक म्हणायचे, कोलत्यांकडची रीत असेल."

"मैत्रेयी गेल्या महिन्यात या पलंगावर दोन रात्री झोपलीय," मयुरा म्हणाली. त्या दोन रात्री ट्रेलर चार्जिंगला होता का, हे तिने अंशुमनला पुढच्या आठवड्यात सहा वेळा तरी विचारलं.

जुन्या बॅटऱ्या निघाल्या. लिथियमची एकच बॅटरी घ्यायची ठरली. निम्म्याहून कमी वजन, पाणी घालायला नको, गॅस नाही. चांदनी चौकातल्या एका दुकानदाराने फारच स्वस्तात एक दाखवली. अण्णांनी ती दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि परत ठेवली.

"भाईसाब, इसमें जितना लिखा है उतना माल नहीं है. हल्की है."

"बाऊजी, वही चीज है. ई-रिक्शा वाले सब यही ले जाते हैं."

"वही है तो बिल पर लिखकर दो."

दुकानदाराने चहा मागवला, पण लिहून काही दिलं नाही. अखेर अंशुमनने नाव असलेल्या कंपनीची, परीक्षणाचा कागद असलेली बॅटरी मागवली. जुना चार्जरही बदलला, कारण तो पाण्याच्या बॅटरीच्या हिशेबाने जास्त दाब देत होता. गाडीच्या इंजिनावरून ट्रेलरची बॅटरी चार्ज करायला वेगळं यंत्र बसवलं.

आणि अण्णांनी पेटी बांधायला घेतली.

नोव्हेंबरभर त्यांचं तेच चाललं होतं. मयुराला ते इतके रमलेले खूप दिवसांनी दिसले. पेटी लोखंडी पत्र्याची. आत सगळीकडून सिमेंट बोर्डचं अस्तर, खाली जाड रबर. बॅटरीवरून दोन पट्टे आवळलेले. ते आवळून झाले की अण्णा अंशुमनला म्हणत, "हलवा. जोर लावून हलवा. ट्रेलर उलटला तरी ही जागची हलता कामा नये." जोडणीच्या दोन्ही टोकांवर रबरी टोप्या. फ्यूज कुठे, तर बॅटरीच्या टोकापासून एका विताच्या आत.

"अण्णा, फ्यूज आत स्विचच्या पॅनेलला आहे ना," अंशुमन म्हणाला.

"तो पॅनेलला वाचवतो. मधली तार घासून उघडी पडली तर तिला कोण वाचवणार? तुमचा लॅपटॉप?"

अंशुमन हसला. सासऱ्याचं बोलणं त्याला आवडे. इथवर सगळं एकमताने झालं. मग पेटी कुठे बसवायची हा प्रश्न आला, आणि तिथे दोघं अडले.

अण्णांनी जागा आधीच ठरवली होती. ट्रेलरच्या बाहेर, पुढच्या ओढायच्या दांडीवर. तिथे त्यांनी लोखंडी पट्ट्याही जोडून घेतल्या होत्या. अंशुमन बॅटरीसोबत आलेली पुस्तिका घेऊन पार्किंगमध्ये उतरला. एका ओळीखाली त्याने पेनाने रेघ मारली होती.

"अण्णा, हिला शून्य अंशाच्या खाली थंडीत चार्ज करता येत नाही. आतलं सर्किटच चार्जिंग बंद करतं. पहाडात जायचंय, यार... म्हणजे, अण्णा. आत ठेवू या. गॅस नाहीये हिला."

"गॅस नाही असं कागद म्हणतो."

"कागद म्हणजे कंपनी म्हणते."

"चाळीस वर्षं मी बॅटऱ्या बघतोय. प्रत्येक कंपनी म्हणते, आमचीत काही होत नाही. मोबाईलच्या बॅटऱ्या फुगतात त्या काय आमच्या कऱ्हाडला बनतात?"

"त्यांची जात वेगळी, हिची वेगळी."

"असेल. बॅटरी उंबऱ्याबाहेर."

मग दोघांनीही मयुराकडे पाहिलं. ती नुकतीच मेट्रोने कचेरीतून आली होती, तोंडावर मास्क होता. पुस्तिका तिने हातात घेतली, रेघ मारलेली ओळ वाचली. ओळ स्पष्ट होती. पण तिच्या डोळ्यांसमोर उघडलेला पलंग होता आणि हातातलं ताट.

"बाहेर," ती म्हणाली. "मैत्रेयी आत झोपणार आहे."

अंशुमनने पुस्तिका मिटली. "ठीक आहे. चलो," एवढंच म्हणाला.

शाळेला हिवाळ्याची सुटी लागली तेव्हा दिल्लीत हवेच्या प्रदूषणाचा आकडा चारशेच्या वर होता. अहिल्याबाईंना पहाड सोसत नाही, त्या घरी थांबल्या. बाकीचे चौघे पानिपत, अंबाला करत दुसऱ्या दिवशी शिमल्याच्या पुढे ठियोगच्या वरच्या अंगाला एका ओळखीच्या सफरचंदाच्या बागेत पोचले. बागेपर्यंत वीज नव्हती. मालकाचं घर खालच्या टप्प्यावर होतं, पण तिथे दिवसभर लाकडाची भट्टी पेटलेली असे, म्हणजे मैत्रेयीला उंबरठ्याच्या आत नेणं शक्य नव्हतं. हरकत नव्हती. ट्रेलर होता. रात्री ऊब देणारा डिझेलचा हीटर होता, त्याचा पंखा बॅटरीवर चाले. नेब्युलायझर बॅटरीवर चाले. तीन आठवडे राहायचं होतं.

पहिल्या सकाळी आभाळ भरलेलं होतं. फोनवर बॅटरीचं ॲप उघडलं तर सोलरवरून भरती शून्य. "ढग आहेत," असं सगळ्यांनीच म्हटलं. झाडांखाली बर्फ साचलं होतं. मैत्रेयी टोपी, मफलर, हातमोजे घालून त्यात तासभर खेळली आणि तिला एकदाही ढास लागली नाही. मयुरा खुर्ची टाकून फक्त तिचा श्वास ऐकत बसली होती. ऐकण्यासारखं काही नव्हतं. किती महिन्यांनी असं झालं होतं.

दुसऱ्या सकाळी लख्ख ऊन पडलं. पॅनेलवरचं बर्फ अंशुमनने झाडूने काढलं. भरती शून्य. बॅटरीत सतरा टक्के उरले होते.

"जोडणी सुटली असेल," अण्णा म्हणाले आणि पाना घेऊन दांडीपाशी गुडघे टेकून बसले. पेटी ट्रेलरच्या सावलीत होती. झाकणावर बोटभर बर्फ. त्यांनी झाकण काढलं, एकेक जोड तपासला, मीटर लावला. सगळं जिथल्या तिथे होतं. पॅनेलमधून वीज पेटीपर्यंत येत होती आणि दारातच थांबत होती. अंशुमनने फोन पुढे केला. बॅटरीचं तापमान उणे चार. त्याखाली लाल अक्षरांत, चार्जिंग बंद.

अंशुमनने फोन खिशात घातला आणि तो बाजूला ठेवलेल्या झाकणावरचं बर्फ झाडू लागला.

"बोला, जावईबापू," अण्णा खाली बघूनच म्हणाले. "पोटात ठेवू नका, पहाडात पचत नाही."

"काही नाही, अण्णा. दुपारी ऊन फिरलं तर थोडी तापेल."

"या झाडांत ऊन इथे येत नाही. परवा आलो तेव्हाच मी बघितलंय."

मयुराच्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता. सतरा टक्के. रात्रभर हीटरचा पंखा. मध्येच मशीन लावावं लागलं तर? तोंडाने औषध ओढायचा पंप आणि त्याला लावायची नळी, स्पेसर, होती, पण जोराचा झटका आला की पंप पुरत नाही, हे तिने दोनदा पाहिलं होतं. गाडीच्या सॉकेटवर मशीन चालत नव्हतं, ते घरीच करून पाहिलं होतं. गाडी चालू ठेवून बॅटरी भरावी तर तीही याच पेटीत जाणार, आणि पेटी घेणार नाही.

"आपण परत जाऊ या," ती म्हणाली. "आत्ता निघालो तर रात्रीपर्यंत अंबाला. मी बॅग भरते."

"आई, नही ना!" मैत्रेयी दारातून ओरडली. "मी एकदम ठीक आहे. बघ, श्वास घेऊन दाखवू?"

तिने तोंड उघडून खोल श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. मयुरा आत गेली आणि स्वेटर बॅगेत भरू लागली. बाहेर हवा होती आणि बॅटरी नव्हती. दिल्लीला वीज होती आणि हवा नव्हती. वीज नसलेल्या जागी दम्याचं पोर ठेवून बघू, असं कुठली आई म्हणेल?

बाहेर काहीतरी लोखंडी आपटल्याचा आवाज झाला. तिने खिडकीतून पाहिलं. अण्णांनी पेटीचे चारही बोल्ट सोडवले होते.

"अंशुमन, त्या बाजूने धरा. पाठ वाकवू नका, गुडघे वाकवा."

दोघांनी पेटी दारातून आत आणली. अण्णांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, बोटं काळी-निळी. त्यांनी पेटी खाली ठेवली आणि ते मयुराच्या पलंगाकडे नाही, पुढच्या बाकाकडे वळले. त्यावर ते स्वतः झोपत. बाकाची फळी उचलून आतली भांडी त्यांनी बाहेर काढली.

"इथे," ते म्हणाले. "तारा इथूनच आत येतात. बाकाखालच्या लाकडी चौकटीला आवळता येईल."

"अण्णा," मयुरा म्हणाली, "तुमच्या खाली?"

"मग कुणाच्या खाली?"

"तुम्हीच म्हणालात, माणूस झोपतो तिथे..."

"म्हणालो. ती पाण्याची होती. माझं सगळं आयुष्य तिच्याबरोबर गेलं. तिचा स्वभाव मला माहीत होता, तो हिला लावला." ते बोलता बोलता पट्टा ओवत होते. "अंशुमनने कागद दाखवला तेव्हा माझं चुकलं. आता कागद म्हणतो ही गॅस सोडत नाही. बरं. तरी मला कागदावर विसंबून पोरीला हिच्यावर झोपवायचं नाही. मी झोपतो. काही झालंच, तर आधी मला कळेल."

अंशुमन म्हणाला, "काही होणार नाही, अण्णा."

"न होण्यासाठीच करतोय. तो चिकट पत्रा आणा, ॲल्युमिनियमचा. बाकाची खोलीच्या बाजूची भोकं बुजवायची. आणि सिंकचा जुना पाइप कुठून खाली जात होता? ते भोक मोकळं आहे ना? पेटीचं तोंड तिकडे काढू. धूर झालाच तर बाहेर जायला वाट हवी. धूर झाला की वाजतो तो छताचा भोंगा काढून इथे बाकावर लावा."

दीड तास काम चाललं. मयुरा पाने देत राहिली, टेप फाडून देत राहिली. लहानपणी ती असंच करी, अतिथिगृहाच्या मागच्या अंगणात. अण्णा तेव्हाही हात पुढे करून नुसतं "हं" म्हणत आणि काय हवंय ते तिला कळे. बॉक्स पाना. दहाचा नाही, तेराचा.

मग हीटर लावला. सतराचे पंधरा झाले, पंधराचे चौदा. मयुराने बॅगेची चेन लावली नव्हती, उघडीही ठेवली नव्हती. अर्धी तशीच होती. अण्णा बाकावर बसून दर थोड्या वेळाने खाली हात घालून पेटीला लावून बघत. मैत्रेयीने फोन हातात धरला होता आणि तापमान वाचत होती. "आजोबा, माइनस एक! आजोबा, झिरो! आता एक!" शेवटी तिला कंटाळा आला आणि ती बर्फात गेली.

एकदा बंद पडलेलं चार्जिंग पाचच्या खाली पुन्हा सुरू होत नव्हतं; तापमान पाचवर आलं तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. फोनवरची लाल अक्षरं गेली. भरतीच्या जागी आधी तीन अँपिअर आले, मग सात, मग अकरा. अंशुमनने आकडा मोठ्याने वाचला नाही. फोन सासऱ्यासमोर धरला. अण्णांनी चष्मा कपाळावर सारून पाहिलं.

"ऊन किती वाजेपर्यंत असतं इथे?"

"साडेचार."

"मग चाळीसच्या वर जाईल. रात्र निघेल." त्यांनी चष्मा खाली घेतला. "उद्या सकाळी पुन्हा बघू. कमी पडलं तर दुपारी तासभर गाडी चालू ठेवायची. आता घेईल ती."

मयुराने विचारलं, "आणि तुम्ही? तीन आठवडे या बाकावर?"

"पस्तीस वर्षं बॅटरीच्या खोलीशेजारी ड्युटी केली," अण्णा म्हणाले. "झोप काय, ती येते." ते बूट न काढताच बाकावर आडवे झाले. एक हात खाली सोडलेला, बोटं फळीच्या कडेवर. दोन मिनिटांत घोरायला लागले.

खिडकीबाहेर मैत्रेयी बर्फाचा गोळा करून बापाच्या मागे धावत होती. ओरडत होती, आणि ओरडायला तिला दम पुरत होता. मयुराने अर्धी भरलेली बॅग पलंगावर पालथी केली आणि एकेक स्वेटर घडी घालून पुन्हा फळीवर रचायला घेतला.